शेवटच्या बोटीपासून मागे

माझ्याकडे येणारी माणसं सहसा याद्या घेऊन येतात. कोथरूडचे काका नकाशा घेऊन आले. लंडनजवळ नोकरी करणाऱ्या लेकानं पाठवलेला, स्कॉटलंडचा, घड्यांवर फाटत आलेला. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो पसरला आणि अ‍ॅबर्डीनच्या जरा वर समुद्रात आखलेल्या एका चौकटीवर बोट ठेवलं. “हे शेटलँड. इथपर्यंत गाडीनं जायचंय. म्हणजे आपलं मुंबईहून मांडव्याला गेल्यासारखंच, नाही का? तासाभराची बोट.”

बोट तासाभराची नाही, बारा तासांहून जास्त वेळची आहे. संध्याकाळी अ‍ॅबर्डीनहून निघते, सकाळी साडेसातला लर्विकला लागते. काकांची चूक नव्हती, चौकटीची होती. ही बेटं इतकी उत्तरेला आहेत की खऱ्या जागी दाखवायची तर कागदाचा मोठा भाग नुसत्या निळ्या पाण्यात जातो. म्हणून छापणारे ती उचलून जवळच्या रिकाम्या जागेत बसवत आले. बेटावरची माणसं याला इतकी वैतागली, की २०१८ साली स्कॉटलंडच्या संसदेनं बेटांसाठी केलेल्या कायद्यात यावर एक कलमच घातलं गेलं: सरकारी संस्थांनी नकाशात शेटलँड त्याच्या खऱ्या जागी दाखवावं, नाही दाखवायचं तर कारण सांगावं. मी काकांना दुसरा नकाशा दिला. लर्विकहून एडिंबरापेक्षा नॉर्वेतलं बर्गन जवळ आहे, हे त्यांनी फूटपट्टी लावून स्वतः तपासलं. निवृत्त इंजिनिअर. मग म्हणाले, “ताई, तरी जायचंय.”

मी प्रवासाची आखणी करून देते, टूर काढत नाही. बस नाही, टोपी नाही, झेंडा घेऊन पुढे चालणारा मॅनेजर नाही. कोणाला कुठे, किती दिवस, कोणत्या गुडघ्यांनिशी जायचंय ते ऐकायचं आणि कागदावर दिवस मांडून द्यायचे, एवढंच. पुण्यात या कामाला अजून नीट नाव नाही. शेजारच्या वहिनी “हिचं ते तिकिटांचं” म्हणतात. म्हणू देत.

हे काम मला शिकवलं ते दाभोळच्या धक्क्यानं. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली. जुनी माणसं तिला जंगार म्हणतात, आम्ही पुणेकर ‘जंगल जेटी’ म्हणतो आणि जंगल कुठे आहे ते विचारत नाही. पुढच्या दिवाळीत सासू-सासऱ्यांना घेऊन दापोलीहून गुहागरला निघाले होते. आखणी माझीच आणि अगदी चोख: सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मग जेवण, मग मुरुडचा किनारा. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं रेंगाळलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची फेरी पाण्याच्या मध्यावर होती. पलीकडच्या काठावरचे दिवे दिसत होते, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटण्याइतके जवळ. रस्त्यानं तिथे पोचायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा सगळा वळसा. सासरे काही बोलले नाहीत. सासूबाई खेडच्या पुढे एकदाच म्हणाल्या, “गणपतीला बोटीची वेळ विचारायला हवी होती.”

मी सकाळपासून पुढे पुढे मोजत गेले होते. मोजायला हवं होतं शेवटच्या बोटीपासून मागे. आपल्याकडे ‘आधी कळस मग पाया’ हे उलट्या बुद्धीच्या माणसाला म्हणतात. बेटांची आखणी मात्र तशीच करावी लागते.

काकांचा कळस होता अन्स्ट. शेटलँडमधलं सगळ्यात उत्तरेचं वस्तीचं बेट. त्याच्याही पुढे मकल फ्लगा नावाचा खडक आणि त्यावर दीपगृह. ते बांधणाऱ्या स्टीव्हन्सन घराण्यातलाच ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. दीपगृह त्याच्या वडिलांनी आणि काकांनी उभं केलं. अन्स्टला गाडी न्यायची तर मुख्य बेटावरच्या टॉफ्टहून वीस मिनिटांची फेरी, मग येल नावाचं अख्खं बेट ओलांडायचं, मग गुचरहून दहा मिनिटांची दुसरी फेरी. या दोन फेऱ्या म्हणजे आपल्या दाभोळ-धोपावेची थंडीतली बहीण. गाडी चढवा, हँडब्रेक ओढा, उतरा. यांची मला चिंता नसते. चिंता लर्विकच्या रात्रीच्या बोटीची. उन्हाळ्यात तिच्यावर गाड्यांची जागा आणि झोपायच्या खोल्या महिने महिने आधी भरतात. म्हणून सगळ्यात आधी परतीची बोट पक्की केली, मग तिच्या अलीकडे अन्स्ट, आणि घरातून निघायची तारीख सगळ्यात शेवटी ठरली. लेक फोनवर म्हणाला, “मावशी, रजा आधी टाकायला लागते हो!” बरोबर आहे. तरी ती शेवटीच ठरली.

माझा कागद साधा असतो. आडव्या ओळी तारखांच्या. उभे रकाने पाच: बोट, रस्ता, मुक्काम, जेवण, आणि शेवटचा ‘बिघडलं तर’. माझी फी खरं तर त्या पाचव्या रकान्याची. पहिले चार हल्ली कोणीही मोबाइलवर भरून घेतो.

उदाहरणार्थ, जाताना अ‍ॅबर्डीनहून थेट का नाही पाठवलं? कारण सोबत काकांच्या आई होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांना बोट लागते. लहानपणी मुंबईहून कोकणात आगबोटीनं जाताना लागायची, त्यानंतर त्या बोटीत बसल्याच नव्हत्या. साठ वर्षांनी पहिलीच बोट बारा तासांची द्यायची? म्हणून आधी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला स्क्रॅब्स्टर, तिथून दीड तासात ऑर्कनी बेटांवरचं स्ट्रॉमनेस. या मधल्या पाण्यात अटलांटिक आणि उत्तर समुद्र एकमेकांत घुसतात, भरती-ओहोटीचे प्रवाह जगातल्या सगळ्यात जोरदार प्रवाहांपैकी आहेत. दीड तासाची परीक्षा, पण पेपर सोपा नाही. आजी तिथे बऱ्या राहिल्या तर पुढे शेटलँड. नाही राहिल्या तर ऑर्कनी काही कमी नाही. १८५० च्या वादळानं वाळू उडवून नेली आणि खालून पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरं निघाली, ते स्कारा ब्रे तिथेच आहे. पाचव्या रकान्यात लिहिलं: “आजींना त्रास झाला तर लर्विकची बोट रद्द. रागवायचं नाही.” शेवटचे दोन शब्द लेकासाठी.

आजींना मी आलेपाक, आवळासुपारी आणि डॉक्टरांना विचारून एक गोळी सांगितली, गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची. आणि रात्रीच्या बोटीची एक पिशवी वेगळी. बोट सुटली की खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊ देत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या डिकीत आणि आपण वर खोलीत, असं झालं तर सकाळपर्यंत काही करता येत नाही.

पुणेकरांचं सामान हा वेगळाच विषय आहे. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे बाकरवडी चालते, पेढे नाहीत. थालीपिठाची भाजणी चालते, तुपाची बाटली नाही. ही ओळ वाचून काकूंचा चेहरा व्हिसा नाकारल्यासारखा झाला. लायसन्सचं मात्र सोपं होतं. गाडी लेकाचीच होती. काकांनाही थोडी चालवायची होती. भारतीय लायसन्सवर तिथे गेल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून. त्यांनी तरी संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. एकाला दोन कागद असावेत, हा त्यांच्या पिढीचा धर्म. विमा मात्र लेकाला आधी विचारून घ्यायला लावला, दुसऱ्या चालकाचं नाव पॉलिसीत नसेल तर बाकी सगळे कागद फुकट. उत्तरेकडचे बरेच रस्ते एका गाडीपुरतेच रुंद असतात, मधे मधे बाजूला थांबायच्या जागा केलेल्या. समोरून गाडी दिसली की ज्याला जागा जवळ त्यानं थांबायचं आणि दुसऱ्यानं जाताना हात उंचवायचा. काकांना मी ताम्हिणीची आठवण करून दिली. ते म्हणाले, “तिथे कोण हात उंचावतं?” उंचावतात, पण वेगळ्या अर्थानं.

ही बेटं ब्रिटनला मिळाली कशी, हे मी दर वेळी सांगते, कारण ऐकणारा मराठी माणूस एकदम खुर्चीत पुढे सरकतो. हुंड्यात. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली, साठ हजार फ्लोरिन ठरले, जवळ रोकड नव्हती. १४६८ साली पन्नास हजारांपोटी ऑर्कनी गहाण ठेवलं. उरलेल्या दहातले दोनच हजार जमले, म्हणून पुढच्या वर्षी आठ हजारांत शेटलँड. गहाण कधी सुटलंच नाही. आणि १६६१ च्या तहात पोर्तुगीज राजकन्येबरोबर आपली मुंबई गेली तीही अशीच. आजी म्हणाल्या, “आठ हजारांत एवढं? मग आमच्या वेळी मागितले ते काय वाईट होते!” काका नकाशात तोंड घालून बसले.

आजींची खरी अडचण दुसरीच निघाली. शेटलँडच्या मुक्कामात संकष्टी येत होती. चंद्रोदय किती वाजता, तो कागदावर हवा. मी इतकी वर्षं बोटी, पेट्रोल पंप, रविवारी बंद असणारी दुकानं मांडत आले होते, चंद्र कधी मांडला नव्हता. लर्विक साठ अंशांच्याही उत्तरेला आहे. जूनमध्ये सूर्य साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि खरा काळोख होतच नाही, रात्रभर संधिप्रकाश रेंगाळतो. त्याला तिथे ‘सिमर डिम’ म्हणतात. आणि त्या दिवसांतला वद्य चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास कधीतरी उगवतो, तोही क्षितिजाला चिकटून, ढग नसले तर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं उपाशीपोटी वाऱ्यात उभं राहून ढगांची वाट बघायची? मी दोन दिवस आकडे घेऊन बसले. आजींनी एका वाक्यात सोडवलं. “अगं, माझी संकष्टी पुण्याची. पुण्याचा चंद्र उगवला की सोडायची.” पुण्यात रात्रीचे दहा म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. मोदक नाहीत, पण जेवण वेळेवर. जेवणाच्या रकान्यात मी लिहिलं: ५:३०, पुणे चंद्रोदय.

आता वादाचा मुद्दा. ऑर्कनीत मी एक दिवस कोरा ठेवला होता. तारीख, आणि पुढे पाचही रकाने रिकामे. काका त्यावर पेन्सिल आपटत राहिले. “इतके पैसे खर्चून नुसतं बसायचं? एखादं बेट अजून टाका ना, ऑर्कनीची सत्तरच्या आसपास आहेत म्हणता!” सत्तर आहेत, वस्ती विसेकांवर. पण ऑर्कनीतल्या कर्कवॉलहून लर्विकला जाणारी बोट रोज नसते, आठवड्यातल्या काही रात्री, मध्यरात्रीच्या सुमाराला सुटते. स्क्रॅब्स्टरची बोट वाऱ्यामुळे एक दिवस रद्द झाली तर तो दिवस कुठून आणायचा? ऑर्कनीतसुद्धा बेटं जोडणारे बांध आहेत, १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीनं ‘रॉयल ओक’ बुडवल्यावर चर्चिलनं बांधून घेतलेले. आता त्यांवरून गाड्या जातात, वादळात लाटा रस्त्यावर येतात आणि तोही बंद होतो. कोरा दिवस ही तिथली सगळ्यात महाग वस्तू. गिऱ्हाइकाला ती विकता येत नाही, फक्त लपवता येते. नवखी असताना मी तिथे ‘स्थानिक बाजार, आराम’ असं काहीतरी लिहून टाकायचे. आता लिहीत नाही. कोराच ठेवते आणि शिव्या खाते.

काका शेवटी म्हणाले, “निदान काहीतरी लिहा हो, रिकामं बघवत नाही.” मी पेन्सिल त्यांच्याकडे दिली. त्यांनीही लिहिलं नाही.

जुलैत ते परत आले, कागद घेऊन. चहा सांडलेला, कडा मऊ झालेल्या. बोट एकही रद्द झाली नव्हती. आजींना पहिल्या बोटीत लागली, तरी त्या पुढे गेल्याच; दुसरीत नाही लागली. अन्स्टच्या ओळीपुढे काकांनी दोनदा अधोरेखित करून बरोबरची खूण केली होती. शेटलँडच्या विमानतळाच्या धावपट्टीला छेदून रस्ता जातो आणि विमान येताना रेल्वेसारखं फाटक पडतं, हे सांगताना ते अजून खुशीत होते. काकूंना पफिन पक्षी बघायचे होते, ते दिसले. मी मात्र कोऱ्या दिवसाची ओळ शोधली. तिथे आजींचं अक्षर होतं, पाचही रकान्यांवरून आडवं, शाईच्या पेनानं:

सगळ्यांचे कपडे धुतले. वाऱ्यावर टाकले. दोन तासांत खडखडीत. एक पंचा उडून समुद्रात गेला.