शार्लटचं घर

गेल्या डिसेंबरात नात सुट्टीला आली होती. जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "आजी, या सोळा तारखेला हिच्या जन्माला २५० वर्षं झाली. आता तरी अख्खं वाच." पुस्तक होतं जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’.

"अख्खं" वर तिनं जोर दिला, त्याला कारण आहे. हे पुस्तक मी वाचलंय असं मी घरात पन्नास वर्षं सांगत आले आहे. पण मी वाचली होती ती संक्षिप्त आवृत्ती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, १९७१ साल. एका मैत्रिणीनं दिली होती. शे-सव्वाशे पानं आणि मागे कठीण शब्दांचे अर्थ. आम्ही सगळ्या मराठी माध्यमातल्या, तेवढं इंग्रजी वाचून संपवलं याचाच केवढा अभिमान! पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर याच कादंबरीवरची ‘तृष्णा’ ही हिंदी मालिका लागायची, तेव्हा शेजारणींना "मूळ पुस्तकात असं नाहीये हं" असं सांगायचीसुद्धा मी. काय म्हणावं!

असो. तर या वेळी वीरकरांची डिक्शनरी शेजारी घेऊन बसले. रोज दुपारी चार-पाच पानं. दोनशे वर्षांपूर्वीची वाक्यं ती, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे! पण महिनाभरात सवय झाली आणि मग मजा यायला लागली.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेनेट नावाच्या गृहस्थांना पाच मुली. वर्षाला दोन हजार पौंडांचं उत्पन्न, राहायला चांगलं घर. पण ते घर आणि जमीन मुलींना मिळणार नाही. घराण्याची मिळकत पुरुष वारसाकडेच जायची, असं पूर्वीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे बेनेटसाहेबांनी डोळे मिटले की घर जाणार कॉलिन्स नावाच्या दूरच्या पुतण्याकडे. आई म्हणूनच मुलींच्या लग्नामागे हात धुऊन लागलेली. हा कॉलिन्स दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला मागणी घालतो. माणूस पाद्री, बोलायला लागला की थांबत नाही, अक्कल बेताची. एलिझाबेथ ठाम नकार देते. पुढे तिची आणि दहा हजार पौंडवाल्या गर्विष्ठ डार्सीची भांडणं, गैरसमज आणि शेवटी लग्न. विसाव्या वर्षी मला एवढंच पुस्तक दिसलं होतं. मीच एलिझाबेथ, दुसरं कोण!

पण एलिझाबेथची एक मैत्रीण आहे, शार्लट. वय २७, दिसायला साधारण, माहेरी द्यायला फारसं काही नाही. एलिझाबेथनं नाकारलेल्या त्याच कॉलिन्सला ती दोन-तीन दिवसांत होकार देते. एलिझाबेथला हे खरंच वाटत नाही, तोंडातून नको तसे शब्द निघून जातात. शार्लट शांतपणे सांगते की मी काही स्वप्नाळू नाही, मला एक बरं घर हवंय. माझ्या जुन्या संक्षिप्त आवृत्तीत हा सगळा प्रकार चार ओळींत उरकला होता. या वेळी त्या प्रकरणाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुढचे चार दिवस उघडलं नाही.

आता घरचं सांगायला हवं. आमच्या घरच्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर रागावू नका. आक्काला विचारूनच लिहिते आहे.

आमचे अण्णा इथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. आम्ही चार बहिणी, भाऊ नाही. राहायला कंपनीची खोली. दारात सदाफुली, मागे पाण्याचा नळ, भोंग्यावर चालणारं घड्याळ. मला ते घर आमचंच वाटायचं. पण नोकरी संपली की खोली सोडायची, हे आईला रोज आठवत असणार. १९५६ च्या कायद्यानं मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा दिला होता, १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीतही दिला, २००५ मध्ये साऱ्या देशात तसं झालं. चांगलंच झालं. पण वाटा मागायला आधी मिळकत असावी लागते. अण्णांकडे होता फंड आणि चार मुली.

आक्का थोरली, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मॅट्रिक झाली आणि घरातच राहिली, आईला दम्याचा त्रास होता म्हणून. तिला चौदा वेळा दाखवली. रंग सावळा. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी होती, पण "मुलीच्या अंगावर काय घालणार?" हा प्रश्न विचारायला बंदी नव्हती. १९७१ च्या उन्हाळ्यात मुरबाडहून एक स्थळ आलं. बिजवर, वय ३९, सहा वर्षांचा मुलगा, किराणा मालाचं दुकान. आक्का तेव्हा २७ वर्षांची होती. ती लगेच "हो" म्हणाली.

मी नुकतीच ती संक्षिप्त आवृत्ती वाचून संपवली होती. आक्का तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, "तू स्वतःला विकतेयस आक्का. मी असते तर जन्मभर तशीच राहिले असते." तिनं सुपातून मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "स्वतःचं घर आहे गं त्यांचं."

लग्नात मी हसले नाही. नंतर वर्षभर मुरबाडला गेले नाही. कल्याणहून एस.टी.नं जेमतेम सवा तासाचा रस्ता. पण कधी परीक्षा, कधी ताप, कधी आणखी काही. दिवाळीला आक्काच माहेरी आली, तेव्हा मैत्रिणीकडे जाऊन बसले.

पाचव्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं आणि शार्लटच्या होकारापासून सुरुवात केली. त्या प्रकरणात एक वाक्य आहे, डिक्शनरीशिवाय कळलं. शार्लटचं ठरलं म्हणून तिच्या धाकट्या बहिणींना आनंद होतो, कारण आता त्यांचा नंबर वर्ष-दोन वर्षं आधी लागणार. लेखिका हे सहज लिहून पुढे जाते. मला पुढे जाता येईना.

अण्णा १९७३ मध्ये रिटायर झाले. खोली सोडली. मोहने गावात भाड्याची खोली मिळेपर्यंत आई, अण्णा आणि दोघी धाकट्या आठ महिने कुठे राहिल्या? मुरबाडला, दुकानामागच्या घरात. माझ्या बी.एड.ची फी कुठून आली? मुरबाडच्या मनीऑर्डरनं. कुपनावर दोन ओळी, "फी वेळेवर भर. तब्येत सांभाळ." पुढे मी दोन स्थळांना "नाही" म्हटलं आणि मला आवडलेल्या माणसाशी १९७७ मध्ये लग्न केलं. लोक म्हणायचे, मुलगी स्वाभिमानाची हो! मलाही तसंच वाटायचं. घरात एकीचं लग्न झालेलं होतं, हक्कानं जाऊन राहावं असं एक घर होतं, म्हणून मला "नाही" म्हणायला सवड मिळाली, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

आणि भाऊजी कॉलिन्स मुळीच नव्हते. कमी बोलणारे, हिशोबाला चोख, आईच्या औषधाच्या पुड्या स्वतः आणून देणारे. मी त्यांना कॉलिन्स करून टाकलं होतं, न भेटताच.

कादंबरीत एलिझाबेथ शार्लटच्या घरी राहायला जाते, लग्नाला तीन महिने व्हायच्या आतच. बघते तर शार्लटनं घर नीट लावलेलं. नवऱ्याला बागकामाची गोडी लावून बाहेर गुंतवलेलं, स्वतःला बसायला मागची खोली निवडलेली. आणि गंमत बघा, डार्सी एलिझाबेथला पहिली मागणी घालतो ती याच घरात! शार्लटनं कॉलिन्सशी लग्न केलं नसतं तर एलिझाबेथ तिकडे गेलीच नसती.

मग जेन ऑस्टिनबद्दल थोडं वाचलं. १८०२ च्या डिसेंबरात तिलाही एका मोठ्या इस्टेटीच्या वारसानं मागणी घातली होती. संध्याकाळी ती "हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द मागे घेतला. तिला २७ वं पुरं व्हायला दोन आठवडे होते, म्हणजे शार्लटचंच वय! १८०५ मध्ये वडील गेले. मग आई आणि दोघी बहिणी कधी या भाड्याच्या घरात, कधी त्या नातेवाइकाकडे. १८०९ मध्ये भाऊ एडवर्डनं चॉटन गावात राहायला घर दिलं. त्याला ते देता आलं, कारण तो लहानपणीच श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेला होता. त्या घरात बसून तिनं ही कादंबरी छापायला तयार केली. १८१३ मध्ये ती आली, हक्क विकून ११० पौंड मिळाले, पुस्तकावर नाव नाही. "नाही" म्हणणं किती महाग पडतं हे तिला नक्की ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा तिनं शार्लटला कुठे शिक्षा केलेली नाही.

मार्चमध्ये पुस्तक संपलं. कल्याणहून एस.टी. धरली आणि मुरबाडला गेले. आक्का आता ब्याऐंशीची, ऐकायला कमी येतं. भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. सहा वर्षांचा तो मुलगा आज स्वतः आजोबा आहे, तिला फुलासारखं जपतो. दुपारी तिच्याजवळ बसून अख्खी गोष्ट सांगितली, मोठ्या आवाजात, वर्गात सांगायची तशी. डार्सीच्या भागाला तिला डुलकी लागली. शार्लट आली की जागी व्हायची.

"तिला पुढे मूलबाळ?" तिनं विचारलं.

"शेवटी दिवस गेल्याचं कळतं."

"आणि ते बेनेटांचं घर पुढे कोणाला म्हणालीस?"

"कॉलिन्सला."

"म्हणजे तिलाच की!" आक्का खुदकन हसली.

मग मी म्हटलं, "आक्का, तुझ्या लग्नाच्या वेळी मी तुला फार वाईट बोलले होते गं. चुकलं माझं."

"कधी? मला नाही बाई आठवत," ती म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

निघताना वाकून नमस्कार केला. तिनं पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला.

"ती एलिझाबेथ मैत्रिणीकडे किती दिवस राहिली म्हणालीस?"

"सहा आठवडे."

"बघ," आक्का म्हणाली. "तू वर्षभर आली नव्हतीस."