मुंगी घाटाच्या वाटेवर

कोकणातील पाहुणा घरी यावयाचा म्हटला की आम्हां माळशिरसकरांची थोडी तारांबळ उडते. त्यास दाखवावे काय? त्याच्या घरी समुद्र आणि पोफळीच्या बागा. आमच्याकडे वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस, हिवर, बाभळी आणि नजर पोहोचेल तेथवर माळ. म्हणून आजवर आम्ही पाहुण्यांस मोटारीत बसवून पंढरपुरास नेत असू, आणि आमच्या गावाविषयी त्यांनी काही विचारण्यापूर्वीच विठोबाच्या हवाली करून मोकळे होत असू.

गेल्या आश्विनात ही युक्ती चालली नाही. आमच्या वहिनींचे वडील आप्पा श्रीवर्धनहून दहा दिवसांसाठी आले. वय बहात्तर, रोज दोन मैल समुद्रकाठी चालण्याचा नेम. लेक या घरी देऊन त्यांस बावीस वर्षे झाली. तेवढ्या अवधीत ही त्यांची दुसरीच खेप. पहिल्या खेपेस भर उन्हाळा होता आणि दाराशी पाण्याचा टँकर उभा होता. त्यावर ते त्या वेळी काही बोलले नाहीत, पुढेही कधी बोलले नाहीत. परंतु तेव्हापासून दर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न "पाणी कसे आहे?" हाच असे, व वहिनी त्याचे उत्तर "ठीक आहे" या दोन शब्दांत देत. हे दोन शब्द घरात सर्वांस ठाऊक होते.

या वेळी त्यांनी आल्या आल्या सांगितले, "मला देवदर्शन नको, चालायला वाट दाखवा."

पहिल्या दिवशी आम्ही त्यांस अकलूजला नीरेच्या काठी नेले. वाटेत दोन्ही अंगांस ऊस. भाटघरचे मोठे धरण १९२८ साली झाले, त्या पाण्यावर नीरेचा उजवा कालवा या तालुक्यात आला, आणि सासवडच्या माळी मंडळींनी १९३२ साली माळीनगरास साखर कारखाना स्थापिला, हे सारे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले. आप्पांचा चेहरा उजळला. "मग हे तर हिरवेगार आहे की!" वहिनी हळूच म्हणाल्या, "ते कालव्याचे, आप्पा. आपले घर त्या अंगास नाही." आमचे व्याख्यान तेथेच थांबले. पाहुण्यापुढे उसने वैभव मिरविण्याची आम्हांस सवयच लागली होती, असे आता वाटते.

दुसऱ्या दिवशी वेळापूर. तेथील अर्धनारीनटेश्वराचे देवालय व यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख पाहून आप्पा प्रसन्न झाले. आषाढात ज्ञानोबांच्या पालखीबरोबर येणारे वारकरी जेथे धावा करतात, तो उतारही त्यांनी चालून पाहिला. पण देवळे कोकणातही आहेत. माळ अजून त्यांनी पाहिलाच नव्हता.

तिसरा बेत मुंगी घाटाचा. नातेपुत्याच्या पलीकडे कोथळे गाव आहे. तेथून ही वाट शिखर शिंगणापुराकडे चढते. शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. चैत्र शुद्ध द्वादशीस सासवडच्या भुतोजी तेल्याची व इतर गावांच्या भल्याथोरल्या कावडी याच उभ्या चढाने, माणसांची साखळी धरून, वर नेतात. एरवी येथे गुराख्यावाचून कोणी नसते.

पहाटे निघावयाचे ठरले होते. परंतु पाहुण्यास उपाशी कसे न्यावे? पोहे झाले, शिरा झाला, दोन वेळा चहा झाला, आणि पायथ्याशी पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पाण्याच्या बाटल्या दोनच. निम्मा चढ चढलो नाही तोच आप्पा एका दगडावर बसले. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. दुसरी बाटली रिकामी झाली होती. वहिनींनी पदर भिजवावा म्हटले तर थेंब नाही. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले. ती नजर आम्हांस जन्मभर पुरेल. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा घडत होती, आणि या वेळी दोष आभाळाचा नव्हता, आमच्या पाहुणचाराचा होता.

वरच्या वळणावर मेंढरे दिसली. आमची हाक ऐकून धनगर उतरून आला. खांद्यावरचा पाण्याचा कॅन त्याने वहिनींच्या हाती दिला. "म्हातारबाबास्नी घोट घोट पाजा, एकदम नगं." मग आप्पांवर सावली पडेल असे घोंगडे काठीवर धरून तो उभा राहिला.

घटकाभराने आप्पा सावरले. गाव सांगताच धनगर हसला. दिवाळी झाली की त्याचा वाडा माणगावाकडे उतरत असे. भाताच्या खाचरांत मेंढरे बसवावयाची, त्याबद्दल शेतकरी धान्य-पैसा देतात.

"तिकडे पाणी आहे, चारा आहे. मग माघारी का येता?" आप्पांनी विचारले.

"कोकणातला पाऊस मेंढराला सोसत न्हाई, बाबा. खुरं कुजत्यात. पावसाच्या आत ह्या माळाला यावंच लागतंय."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी समोरच्या झुडपाकडे बोट करून लेकीस विचारले, "हे पिवळे फूल कसले?"

"तरवड."

"आणि तो पक्षी?"

"चंडोल. थांबा, आता सरळ वर चढेल बघा." आणि तो चढला. खाली नातेपुत्याकडचा मुलूख पसरला होता. उत्तरेस कालव्याची हिरवी पट्टी, अलीकडे नुकतीच उगवलेली शाळू, आणि मध्ये पिकत आलेले सोनेरी कुसळीचे गवत वाऱ्याने हलत होते. वहिनी एकेक दाखवीत होत्या. बावीस वर्षे त्या आमच्या घरात आहेत. त्यांस हे सारे इतके ठाऊक आहे हे आम्हांसही ठाऊक नव्हते.

शिखर त्या दिवशी राहिलेच. आम्ही तेथूनच परतलो. संध्याकाळी ओसरीवर आप्पा धोतरास चिकटलेली कुसळे एकेक वेचून काढीत बसले होते. वेचता वेचता त्यांनी विचारले, "हुरडा केव्हा असतो हो तुमच्याकडे?"

"पौषात."

"मग पौषात येतो. घाट मात्र पहाटे पाचला. आणि पोहे नकोत."