दुसरी खिडकी

सर्व्हरचं काम काढलं की मी आधी टर्मिनलच्या दोन काळ्या खिडक्या उघडतो. एकीत काम करायचं, दुसरीला हात लावायचा नाही. ही सवय मला रेल्वेच्या एका तिकिटात मिळाली.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं. सर्व्हर मुंबईत, मी पुण्यात. रात्री एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या सर्व्हिसच्या, फाइलमध्ये बदल केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, खिडकी बंद केली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर आत जाता येईना. एका अक्षराची चूक. सर्व्हिस उठलीच नव्हती. पहाटेची सिंहगड एक्सप्रेस पकडली. सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड जोडून ते अक्षर सुधारलं आणि परत निघालो. काम अर्ध्या मिनिटाचं.

साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी आधीचं कनेक्शन तुटत नाही. ते राहू दे. नव्या खिडकीतून लॉगिन करून बघ. जमलं, तरच जुनी बंद कर." फायरवॉल मात्र उघडं कनेक्शनही कापू शकते. म्हणून दहा मिनिटांनी जुने नियम परत आणणारं काम आधीच लावून ठेवायचं आणि सगळं सुरळीत दिसलं की रद्द करायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

पुढे एकदा खंडाळ्याच्या बोगद्यात नेट गेलं आणि अपग्रेड अर्ध्यावर लटकलं. तेव्हा 'स्क्रीन' हा प्रोग्राम वापरायला शिकलो; आपलं कनेक्शन तुटलं तरी काम तिकडे चालू राहतं. दुरून आवृत्ती बदलताना उबुंटू आपणहून १०२२ पोर्टवर एक जादा दार उघडून ठेवतं, हे पाहिलं तेव्हा हसू आलं. ते लिहिणाऱ्यानेही कधीतरी पहाटेची गाडी पकडली असणार.

अशी चूक अवकाशातही झाली आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये मंगळावरच्या व्हायकिंग-१ यानाला बॅटरीसाठी नव्या सूचना पाठवल्या गेल्या. त्या नेमक्या अँटेनाच्या दिशेच्या माहितीवर जाऊन बसल्या. संपर्क तुटला तो कायमचा. तिथे कुठली सिंहगड? जुलै २०२३ मध्ये व्हॉयेजर-२ यानाचा अँटेनाही चुकीच्या आज्ञेने दोन अंश फिरला. पृथ्वीवरून जोरदार हाक मारून त्याला ऑगस्टमध्ये वळवलं. ती पोचली नसती, तरी ऑक्टोबरमध्ये त्याने आपोआप दिशा जुळवलीच असती. साहेबांच्या दहा मिनिटांसारखीच ही सोय.

आता ब्राउझरमधूनच सर्व्हरचा कन्सोल उघडतो, गाडी पकडावी लागत नाही. तरी दुसरी खिडकी मी सगळ्यांत शेवटी बंद करतो. तुम्हीही करा, आणि त्याआधी एकदा नव्याने आत शिरून बघा.