तेरची वीट

धाराशिव जिल्ह्यांत (२०२३ पर्यंत ज्यास उस्मानाबाद म्हणत) तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. बहुतेकांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून ठाऊक असतें. परंतु हेंच प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' ग्रंथांत पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें शहर सांगितलें असून, येथून नाना प्रकारचें कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरीं जाई, असें म्हटलें आहे. पुढें शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तें तगर कोणतें, ह्या वादांत १९०१ सालीं फ्लीटसाहेबांनीं तेरचें नांव पुढें आणिलें, आणि चापेकरांनीं १९५८ सालीं येथें उत्खनन केलें. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं आयुष्यभर वेंचून जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय तर प्रत्येकानें पाहावें असें आहे.

तथापि आमचें मन गुंतलें तें विटेंत! येथील जुन्या देवालयांच्या विटा पाण्यावर तरंगतात. बरोबर आलेला आमचा पुतण्या, कॉलेजांत शिकणारा, तें ऐकून म्हणाला, "काका, म्हणजे आपल्या पूर्वजांस विमानविद्याहि येत असली पाहिजे." आम्ही त्यास म्हटलें, "बाबा रे, विटेवरून विमानावर उडी मारूं नकोस. वीट कां तरंगते तेवढें आधीं सांग." तो गप्प राहिला.

गोष्ट अशी आहे कीं, चिखलांत तूस, भुसा असें कांहीं मिसळून वीट भाजली असतां तें जळून जातें व त्याच्या जागीं बारीक पोकळ्या उरतात. आकार तोच, पण वजन घटतें; तितक्याच आकाराच्या पाण्याहून वीट हलकी झाली कीं ती बुडत नाहीं. ह्यांत चमत्कार मुळींच नाहीं, आणि म्हणूनच आम्हांस ह्याचें मोल अधिक वाटतें. तूस कमी पडलें तर वीट जड. अधिक झालें तर ती भार सोसणार नाहीं. हें प्रमाण कोणीं तरी पुष्कळ विटा वाया घालवूनच शोधिलें असेल.

त्रिविक्रमाच्या देवळाचें छत पाहिलें म्हणजे त्या हलकेपणाची किंमत कळते. देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असून छत हत्तीच्या पाठीसारखें गोलाकार आहे. मूळची ही वास्तु बौद्ध चैत्यगृह असावी, असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे. विटांचा प्रत्येक थर खालच्याहून किंचित् पुढें सरकवीत नेऊन असलें छत मिटवितात. अशा बांधणींत विटेचा प्रत्येक शेर भिंतीच्या उरावर बसतो.

आम्ही संस्कृत शिकलों, त्यामुळें वीट म्हटली कीं बौधायनाचें शुल्बसूत्र आठवतें. अग्निचयनाच्या वेदीस पांच थर, प्रत्येक थरांत दोनशें विटा. आकार बदलला तरी क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष तेंच राहिलें पाहिजे. काटकोन चौकोनाच्या कर्णावरील चौरस दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. हें ज्ञान सूत्रांत बांधिलें म्हणून टिकलें. शिष्यांनीं तें घोकलें, भाष्यकारांनीं उलगडलें. तेरच्या वीटकऱ्याचें सूत्र कोणी लिहिलें? त्याची विद्या हातांतून हातांत गेली, आणि ते हात थांबले तेव्हां तीहि थांबली. आम्हां पंडितवर्गास त्याच्या दारीं बसून तें उतरून घ्यावेंसें वाटलें नाहीं, ही उणीव मान्य करणें भाग आहे. शून्य आणि दशमानपद्धति ह्यांचा अभिमान सांगतांना आपण ती सोईनें विसरतों.

गोरोबा तर जातीचेच कुंभार. थापटण्यानें डोकीं थापटून त्यांनीं संतांत कच्चें मडकें कोणतें तें ओळखलें, ही कथा घरोघरीं सांगतात. कानानें भाजणी ओळखणारा मनुष्य ज्या गांवीं झाला, त्या गांवची वीट अशी असावी ह्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं.

निघतेवेळीं पुतण्यानें वाटेंत पडलेला विटेचा एक तुकडा, घरीं बादलींत टाकून दाखवावा म्हणून, उचलला होता. तो आम्हीं त्यास होता तेथेंच ठेवावयास लाविला.