ठरावाला हात वर करण्याआधी

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाशिवाय पैसा हलत नाही, हे रोजच पाहतो. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकात झोपडपट्टीवासीयांसाठी कर्ज काढून हजारो घरकुले बांधायला घेतली. बरीच अर्धवट राहिली. २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यात माजी नगरसेवकही होते. पुढे अपिले झाली. पण गळक्या छपराखाली गेलेले पावसाळे कोणते न्यायालय परत देणार?

म्हणून बांधवांनो, चौकशी आधी हवी. जागा कुणाची, ठेका कुणाला, तिथून कामावर जायला बस आहे का, हे आपल्या नगरसेवकाला ठरावापूर्वीच विचारा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ठरावाची नक्कल मिळते. ती मागा आणि विहारात सर्वांसमोर वाचा.