पेव

सांगलीजवळच्या हरिपुरात पूर्वी हळदीची पेवं होती. जमिनीत विहिरीएवढा खोल खड्डा, तोंड मात्र माणूस जेमतेम उतरेल एवढं. हळद आत गेली, तोंड बंद करून वर माती चढवली, की वर्षानुवर्षं तिला कीड लागायची नाही. त्या हळदीवर व्यापारी कर्ज उचलत, आणि तारण जागेवर आहे ना हे बघायला बँकेचा माणूस जाई. तरुणपणी माझे वडील, अण्णाही गेले होते. ते सांगत, पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. 2005च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली.

अण्णा 1973 साली सांगलीत एका नागरी सहकारी बँकेत कारकून म्हणून चिकटले आणि शाखाधिकारी होऊन निवृत्त झाले. चारच वर्षांपूर्वी 14 मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. पण शिलाई मशीन घेणारा शिंपी, पिठाची गिरणी टाकणारा माणूस आमच्या गल्लीतून अजून नागरी बँकेतच जात होता. तिथं काउंटरपलीकडचा माणूस ओळखीचा असे. 1889मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी सहकारी पतपुरवठ्याची मंडळी काढली, तिचं नाव ‘अन्योन्य’. हे नाव अण्णांना फार आवडे. कर्जाला दोन जामीनदार लागत, आणि जामीनदार म्हणजे बहुधा शेजारीच. त्यामुळे एकाचा हप्ता थकला की तीन घरांतलं बोलणं थांबे.

व्याज हातानं काढायचे ते दिवस. लेजरची बेरीज सात रुपयांनी चुकली तर सगळा स्टाफ रात्री दहापर्यंत सात रुपये शोधत बसे. ‘पदरचे घालून मोकळे का होत नाही?’ असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच सुचवली होती. गावानं हे बरोबर हेरलं होतं. गणेश मंडळ, वाचनालय, स्मशानभूमी सुधार समिती, सगळीकडे अण्णा खजिनदार. अध्यक्ष कुठेच नाहीत. अध्यक्षाला हार पडतात, खजिनदाराला पावतीपुस्तकं मिळतात.

मला मात्र त्यांचं खरं काम कळलं ते एका लग्नामुळे, तेही फार उशिरा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. नवरीच्या गळ्यातला चपलाहार बघून आई हरखून गेली होती. ‘केवढा वजनदार आहे हो!’ अण्णा मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून गप्प. तो हार गुरुवारपर्यंत त्यांच्याच तिजोरीत लाखेचा शिक्का मारलेल्या पिशवीत होता. मुलीच्या बापानं कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी हातउसने घेऊन तो सोडवला, आणि लग्नानंतरच्या सोमवारी परत आणून ठेवला. हे अण्णांनी मला सांगितलं ते तीस वर्षांनी, तेही नाव न घेता. वजन त्यांना मांडवातही ग्रॅममध्ये ठाऊक होतं. आईला ते एवढंच म्हणाले, ‘असेल.’

कुणाच्या घरात काय शिजतंय हे सगळं ठाऊक असलेला माणूस लहान गावात जगतो कसा? पंगतीत बसायचं, बारशाला जायचं, कुणी ‘यंदा दुकान जोरात आहे’ म्हणालं की मान डोलवायची. पैसे मोजण्यापेक्षा हे अवघड असावं.

नाही म्हणणं त्यांना जमत असे, आणि त्याची किंमत घरानं मोजली. मामाला ट्रक घ्यायचा होता, तारण काही नव्हतं. ‘दाजी, परक्याला देता आणि घरच्याला नाही?’

‘परक्यानं बुडवलं तर वसुलीला जाता येतं रे.’

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाही. आईनं गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं आणि निरांजन हातात धरून बराच वेळ तिथंच उभी राहिली. अण्णा खाली वर्तमानपत्र वाचत होते, पान उलटत नव्हते.

त्यांना साधुपुरुष करण्याचा माझा हेतू नाही. मी कितवीत आहे हे त्यांना विचारून घ्यावं लागे, आणि गिरणीवाल्याचा हप्ता मात्र तोंडपाठ. तोंड मिटून राहायची सवय बँकेतून घरात आली ती आलीच. आमच्याच घरावरच्या कर्जाचा आकडा आईला कळला तो ते निवृत्त झाल्यावर, कर्ज फिटल्याचा कागद कपाटात सापडला तेव्हा. ‘तुला कशाला घोर?’ हे त्यांचं उत्तर. आई त्यावर हसली, पण तिला ते लागलं होतं.

आणि एकदा ते चुकले. त्यांचे एक मित्र छापखाना चालवायचे. दर रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला येत, येताना कोऱ्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आम्हा मुलांना आणत. नव्या ऑफसेट यंत्रासाठी त्यांना कर्ज हवं होतं. तारण कमी पडत होतं, अण्णांनी शिफारस लिहिली. कामं आली नाहीत, हप्ते थकले, आणि वसुलीच्या नोटिशीवर सही करायची वेळ अण्णांवरच आली. त्यांनी केली. यंत्र विकलं गेलं. रविवारचा चहा संपला. त्याच जागेत त्या काकांनी पुढे लग्नपत्रिकांचं छोटं दुकान टाकलं.

तेव्हापासून अण्णांचा फिरायला जायचा रस्ता बदलला. गणपती मंदिराकडे जायला त्या दुकानाची गल्ली जवळची, पण ते अलीकडच्या कोपऱ्यावरूनच वळत. मला वाटे, यांना त्यांच्यासमोर जायची लाज वाटते. एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, ‘मला कसली लाज? मी दिसलो की त्याला मान खाली घालावी लागते. गिऱ्हाईक समोर असलं तर बरं दिसत नाही.’

आता अण्णा पंचाहत्तरीत आहेत. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. ते काका जाऊन बरीच वर्षं झाली, दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. परवा मी म्हटलं, ‘अण्णा, आज या गल्लीतून जाऊ या, तेवढीच चाल वाचेल.’ त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, काठी टेकली आणि नेहमीच्या कोपऱ्यावर वळले.