मिरचीचा जमाखर्च

नवेगाव बांधच्या परिसरातील शेतकऱ्याला धानाच्या शेतीत जी निश्चिती लाभते, ती मिरचीच्या शेतीत लाभत नाही, आणि याचा दोष आमच्या जमिनीकडे जात नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील वाटा बांधाने अडवून येथील जलाशय निर्माण केला. मालगुजारी गेली, जमाबंदीचे कागद बदलले, तरी पाण्याचा तो वारसा धानाच्या पाठीशी अद्याप उभा आहे. त्यातच धानाला हमीभाव असून २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा भाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता. मिरचीला असा आधार नाही. २०२५ च्या आरंभी आंध्रातील भाव कोसळला, तेव्हा केंद्राने क्विंटलमागे ११,७८१ रुपये दर धरून बाजार हस्तक्षेप योजना मंजूर केली खरी. परंतु ती आंध्रापुरती होती, आणि भाव कोसळण्याला मात्र प्रांताची सीमा नसते.

असे असूनही धानाच्या बांधीलगतच्या उंच, निचऱ्याच्या तुकड्यात मी वर्षानुवर्षे मिरची लावीत आलो आहे, आणि तिच्या खर्चाची कीर्द नेमाने ठेवीत आलो आहे. दोन ओळींत साठ सेंटीमीटर आणि दोन रोपांत पंचेचाळीस, असे अंतर राखले म्हणजे दहा आर जमिनीत साडेतीन हजारांवर रोपे बसतात. बियाणे, गादीवाफे, शेणखत, नांगरट, ओलीत हे खर्च आगाऊ अजमावता येतात. औषधाचे मात्र तसे नाही. फुलकिडे आणि कोळी यांनी कोवळा शेंडा धरला की पाने आकसतात, चुरडा-मुरडा शेतभर पसरू लागतो, आणि धास्तावलेला शेतकरी उधारीवर आणलेल्या औषधांच्या फवारण्यांवर फवारण्या करीत राहतो. भाव येण्यापूर्वीच पुष्कळांचा नफा त्या उधारीच्या वहीत जमा झालेला असतो. प्रादुर्भावाची खात्री झाल्यावाचून पंप पाठीला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु या पिकाचे खरे मर्म तोडणीत आहे. मिरची एकदम पिकत नाही. फूल, हिरवे फळ आणि लाल फळ एकाच झाडावर एकाच वेळी नांदत असल्यामुळे तोड्यामागून तोडा करावा लागतो, आणि लाल मिरची वाळवायची तर साधारण चार किलो ओल्या फळाची एक किलोच मिरची हाती येते. म्हणजे बाजारात मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक किलोमागे चार किलोंची तोडणी कोणीतरी कंबर वाकवून केलेली असते. पुढे ढीग घालणे, पसरणे, उलथणे, रंग गेलेली फटकी मिरची वेचून बाजूला करणे हे आहेच. आणि अवकाळी पावसाची एक सर आली, तर खळ्यावरच्या मिरचीचा रंग जातो व रंगाबरोबर भावही जातो.

आणि नेमक्या या दिवसांत आमच्या भागातील मजूर, विशेषतः बायाबापड्या, मिरची तोडण्यासाठीच तेलंगणात गेलेल्या असतात. खम्मम, वरंगळकडील विस्तीर्ण शेतांत त्यांना सलग काम मिळते, आणि मजुरीचा काही भाग पुष्कळदा मिरचीच्याच रूपाने मिळतो. त्यांना मी बोल लावीत नाही. दहा आरांचा धनी त्यांना चार दिवसांहून अधिक काम देऊ शकत नाही. गावात मजूर उरत नाहीत, म्हणून तोडणी घरच्यांवर येते, आणि घरची मजुरी कोणी खर्चात लिहीत नाही. पत्नीचे, सुनेचे, वृद्ध आईचे दिवसच्या दिवस त्या शेतात जातात, आणि हंगामाच्या अखेरीस घरधनी अडत, हमाली वजा करून उरलेल्या रकमेला नफा म्हणतो. ही रीत मला अन्यायाची वाटते. माझ्या कीर्दीत त्या प्रत्येकीची हजेरी चालू रोजंदारीच्या दराने मांडलेली असते, आणि ती मांडल्यानंतर कित्येक वर्षांची शिल्लक अगदी बेताची दिसते.

म्हणून मिरची सोडावी, असे मी म्हणणार नाही. पहिले तोडे हिरवे विकून औषधाची व खताची उधारी फेडावी, भाव पडलेला असेल तर पुढचे तोडे लाल होऊ द्यावेत. आठवडी बाजार जवळ असलेल्या लहान शेतकऱ्याला ही मोकळीक आहे, आणि धान ती देत नाही. मात्र नव्याने मिरची लावू पाहणाऱ्याने क्षेत्र जमिनीवरून न ठरवता, आपल्या घरात तोडणीला किती हात आहेत त्यावरून ठरवावे, आणि त्या हातांची मजुरी बियाण्याच्याही आधी वहीत लिहावी. दोन-तीन माणसांच्या घराला दहा आर पुरेत. एकराच्या मागे लागू नये.